मुलुंड, ठाणे की डोंबिवली? शेजारशेजारच्या परिसरांतून घरासाठी एक निवडायचा, तो कोणत्या क्रमाने

"मुलुंडला घ्यावं की ठाण्यात?" हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण तोपर्यंत तीन-चार सॅम्पल फ्लॅट बघून आलेले असतात. रविवारी दुपारी, रस्ते मोकळे असताना, एजंटच्या गाडीतून. एखाद्या घराच्या खिडकीतून डोंगर दिसला, स्वयंपाकघर मोठं वाटलं की मन तिथेच बसतं, आणि मग पाणी, प्रवास, कागदपत्रं हे सगळं त्या घराच्या बाजूने जुळवून घेतलं जातं. चूक क्रमात आहे. आधी परिसर, मग रस्ता, मग इमारत आणि सगळ्यात शेवटी घर. हा क्रम उलटा झाला की त्याची किंमत वीस वर्षं हप्त्यासोबत भरावी लागते.

खालचे टप्पे मी मुलुंड, ठाणे आणि डोंबिवली या पट्ट्याला धरून लिहिले आहेत, कारण एकाच रेल्वेमार्गावर असूनही इथे तीन वेगळ्या महापालिका आहेत आणि घोटाळे नेमके त्या सीमांवर होतात. वसई-विरार किंवा पुण्यातला वाकड-बाणेर पट्टा तुमच्या डोक्यात असेल तरी क्रम हाच ठेवा.

सुरुवात करण्याआधी सहा ते आठ आठवडे हाताशी ठेवा आणि त्यात शक्यतो पावसाळ्याचा एक तुकडा येऊ द्या. बँकेकडून कर्जाची पात्रता लेखी घ्या. एक वही करा. आणि घरात सगळ्यांसमोर ठरवा की पाचवा टप्पा संपेपर्यंत कुणीही एकही फ्लॅट आतून बघायचा नाही. शेवटची अट सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात उपयोगी तीच आहे.

## १. घरातल्या प्रत्येकाचा दिवस कागदावर मांडा

"ऑफिस बीकेसीला आहे" एवढ्यावर भागत नाही. कोण किती वाजता निघतं, कुठे पोहोचतं, आठवड्यातून किती दिवस, परत किती वाजता, हे प्रत्येकाचं लिहा. आई-बाबा सोबत असतील तर त्यांचा डॉक्टर, देऊळ, भाजी, बँक हे सगळं लिहा. मुलांची शाळा बदलायची आहे की नाही, हे आत्ताच ठरवा.

या यादीतून बहुतेक वेळा असं निघतं की सगळ्यात जास्त हालचाल कमावत्या माणसाची नसते. मूल शाळेतून दुपारी एकला येतं, साडेतीनला क्लासला जातं, संध्याकाळी खेळायला जातं. आजी रोज सकाळी चालत दूध आणते. परिसर निवडताना या माणसांच्या पायाखालचा रस्ता आधी बघायला हवा, कारण त्यांना तो दिवसातून चार वेळा तुडवायचा आहे.

पुढची पाच वर्षंही लिहा. नोकरी बदलली तर कुठे असेल? ऐरोली-घणसोलीच्या आयटी पट्ट्यात काम असलेल्या माणसाला ठाणे स्थानकावरून ट्रान्स-हार्बरची गाडी थेट मिळते. तोच माणूस उद्या अंधेरीला गेला तर मुलुंडहून घाटकोपर गाठून मेट्रो १ पकडणं सोपं. दोन्ही शक्यता असतील तर दोन्ही मोजा.

तपासा: यादीत प्रत्येक माणसाच्या नावापुढे किमान दोन ठिकाणं आणि वेळा आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## २. नावांची तुलना थांबवा, तुकड्यांची करा

"ठाणे" हा एक परिसर नाही. नौपाड्यात राहणारा माणूस स्टेशनला चालत जातो, कासारवडवलीत राहणाऱ्याला तेच स्टेशन दहा-एक किलोमीटरवर आहे. दोघांच्याही पत्त्यात ठाणे पश्चिमच लिहिलेलं असतं. मुलुंड पूर्वेचं गव्हाणपाडा किंवा मिठागर रोड आणि पश्चिमेची मुलुंड कॉलनी यांतही असंच अंतर आहे. डोंबिवलीत फडके रोडच्या आसपासचं घर आणि कल्याण-शिळ रस्त्यावरचं घर यांचं आयुष्य पूर्ण वेगळं.

त्यामुळे चालत पंधरा मिनिटांत पार होईल एवढे तुकडे पाडा आणि त्यातले जास्तीत जास्त चार निवडा. चारापेक्षा जास्त तुकड्यांची नीट तपासणी नोकरी करणाऱ्या कुटुंबाला झेपत नाही. मग वरवर बघणं होतं आणि शेवटी निर्णय किमतीवरच घेतला जातो.

प्रत्येक तुकड्यापुढे लिहा: हद्द कोणाची? मुलुंड म्हणजे मुंबई महापालिकेचा टी विभाग, पलीकडे ठाणे महापालिका, पुढे कल्याण-डोंबिवली महापालिका. ही रेघ वाटते तिथे नसते. मुलुंड पूर्वेचं हरिओम नगर टोलनाक्याच्या ठाण्याकडच्या बाजूला आहे, पण मुंबईच्या हद्दीत आहे. उलट, नाक्याच्या पलीकडचे काही प्रकल्प जाहिरातीत "मुलुंड-ठाणे" अशा जोडनावाने विकले जातात आणि कर, पाणी, मुद्रांक सगळं ठाण्याचं असतं. नव्या प्रकल्पाचा महारेरा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) क्रमांक बघितला तर लगेच कळतं. जुन्या पद्धतीच्या क्रमांकात सुरुवात पी ५१८०० असेल तर मुंबई उपनगर जिल्हा, पी ५१७०० असेल तर ठाणे जिल्हा. क्रमांक नव्या पद्धतीचा असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर जिल्हा, तालुका आणि गाव वाचा.

सावधान: पिनकोडवर आणि एजंटच्या बोलण्यावर हद्द ठरवू नका. मालमत्ता कराचं बिल कोणत्या महापालिकेचं येतं, तेच खरं.

## ३. प्रवास स्वतः, आपल्या वेळेला, तीनदा

हा टप्पा लोक गाळतात किंवा नकाशाच्या ॲपवर उरकतात. ॲप गाडीचा वेळ सांगतं. रिक्षासाठी रांगेत उभं राहायला, पूल चढायला आणि भरलेल्या दोन गाड्या सोडायला लागलेला वेळ त्यात नसतो.

प्रत्येक तुकड्यातून तीन फेऱ्या करा: सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी ऑफिसच्या वेळी, कामाच्या दिवशी संध्याकाळी परतताना, आणि एकदा पाऊस असताना. घड्याळ इमारतीच्या फाटकापाशी सुरू करा आणि ऑफिसच्या दारात थांबवा. तीनही वेळांची सरासरी काढू नका. सगळ्यात वाईट वेळ लिहा, कारण घरी वेळेवर पोहोचण्याची गरज नेमकी त्याच दिवशी असते.

गाड्यांबद्दल काही गोष्टी आधीच माहीत असू द्या. बहुतेक जलद लोकल मुलुंडला थांबत नाहीत, तिथे धीम्या गाड्यांवर भिस्त. ठाणे आणि डोंबिवलीला जलद गाड्या थांबतात. म्हणून दादरपुढे जाणाऱ्याला कागदावर ठाणे जवळ वाटतं. पण जलद गाडी ठाण्याला येते तेव्हा ती कल्याण-डोंबिवलीहून भरून आलेली असते. तुम्हाला, तुमच्या बायकोला किंवा मुलीला त्या गाडीत रोज चढता येतं का, हे फक्त फलाटावर उभं राहूनच कळतं. डोंबिवली आणि ठाण्याहून सुटणाऱ्या लोकल किती वाजता आहेत, ते वेळापत्रकात बघून लिहून ठेवा. सुटणाऱ्या गाडीत बसायला मिळणं हा पंचेचाळीस मिनिटांच्या प्रवासात फार मोठा फरक आहे.

कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप इथे काम असेल तर हिशोब उलटतो. धीमी गाडी मुलुंडहून पकडणं ठाण्याहून पकडण्यापेक्षा फार वेगळं नाही, आणि अंतर कमी. अशा कुटुंबाने केवळ "जलद गाडी मिळते" म्हणून ठाण्याकडे झुकू नये.

घोडबंदर रोडवर घर बघत असाल तर स्टेशनपर्यंतचा रस्ता हाच खरा प्रवास आहे. कापूरबावडी, माजिवडा, मानपाडा, पातलीपाडा या चौकांतून सकाळी साडेआठला जाऊन बघा. गुजरातकडे जाणारी अवजड वाहतूक याच रस्त्याने होते. गायमुख घाटात दुरुस्ती निघाली की कासारवडवली-ओवळ्यापर्यंत रांगा येतात. रविवारी याच रस्त्याने पंधरा मिनिटांत पोहोचून अनेकांनी सौदा केला आहे.

आणि येऊ घातलेल्या मेट्रोबद्दल माझं मत ठाम आहे: जी गाडी आज धावत नाही, तिच्यासाठी आज पैसे मोजू नका. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५चं भूमिपूजन डिसेंबर २०१८मध्ये कल्याणला झालं. त्या भरवशावर घर घेतलेल्यांनी पुढची कित्येक वर्षं रिक्षा आणि लोकलवरच काढली. वडाळा-कासारवडवली मेट्रो ४, ठाणे-बोरिवली बोगदा, गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता यांनी या पट्ट्याचा नकाशा बदलेल, यात शंका नाही. पण मेट्रो सुरू होईपर्यंत तिच्या खांबांचे अडथळे तुमच्या वाट्याला, आणि विकणारा मात्र तिचा भाव आजच लावून मोकळा. आजच्या साधनांवर जमत असेल तरच तो तुकडा यादीत ठेवा.

एक बदल मात्र झालेला आहे. ऑक्टोबर २०२४पासून मुंबईच्या प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही. मुलुंड-ठाण्याच्या तुलनेत रोजच्या टोलचा खर्च धरणारी जुनी गणितं बाजूला ठेवा.

तपासा: रात्री साडेदहाला स्टेशनवर उतरून त्या तुकड्यापर्यंत जाऊन बघितलंत का? रिक्षा मीटरने येते की शेअरच मिळते, रस्त्यावर दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का. घरातल्या बाईमाणसांनी ही फेरी स्वतः केली पाहिजे. त्यांच्या वतीने दुसऱ्याने नाही.

## ४. पाणी: विचारू नका, ताळेबंद मागा

"पाणी चोवीस तास आहे" हे उत्तर सगळीकडे मिळतं, आणि ते खरंही असतं. नळाला पाणी असतंच. प्रश्न असा की ते गच्चीच्या टाकीत कुठून आलं.

मुंबईचं पाणी भातसा, तानसा, मोडकसागर, वैतरणा अशा सात जलाशयांतून येतं आणि मुलुंडला तेच मिळतं. ठाण्याला एकच स्रोत नाही. महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून ते येतं, आणि कोणत्या भागाला कोणाचं, हे वेगवेगळं आहे. एका स्रोताची दुरुस्ती निघाली की त्याच्यावर अवलंबून असलेला भाग कोरडा राहतो आणि शेजारच्या भागात नळ सुरू असतो. डोंबिवलीत महापालिकेचं पाणी आहे, तर २७ गावांच्या पट्ट्यात एमआयडीसीचं. घोडबंदर पट्ट्यातल्या पाणीटंचाईचा प्रश्न तर उच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

मग तपासायचं कसं? सोसायटीचा मागच्या दोन वर्षांचा वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षित ताळेबंद मागा. विकणारा सभासद असतो, त्याच्याकडे सर्वसाधारण सभेच्या वेळी आलेली प्रत असते. खर्चाच्या बाजूला "पाणी टँकर" किंवा "टँकर खर्च" हे शीर्षक शोधा. आकडा एकूण सदनिकांनी भागा, मग बाराने. घराला दर महिन्याला टँकरपोटी किती पडतं ते समोर येईल. मी स्वतः पाहिलेल्या एका संकुलात सेक्रेटरींनी पाण्याचा काहीच त्रास नाही असं प्रामाणिकपणे सांगितलं. त्रास खरंच नव्हता, कारण टँकर नियमित येत होते आणि खर्च मेंटेनन्समध्ये मिसळलेला होता.

सोसायटी अजून झालीच नसेल, बिल्डरच कारभार बघत असेल, तर एप्रिल-मे महिन्यात सकाळी सहा ते आठ फाटकापाशी उभे राहा. किती टँकर आत जातात ते मोजा. वॉचमनशी आणि समोरच्या वाण्याशी बोला. शेवटी एक प्रश्न सरळ विचारा: महापालिकेची जोडणी किती इंचाची आहे आणि किती सदनिकांसाठी?

सावधान: बोअरवेल हा पिण्याच्या पाण्याचा पर्याय नाही. ती फ्लशिंग आणि बागेसाठी असेल तर उत्तम. स्वयंपाकघरातही तेच पाणी येत असेल तर तो तुकडा यादीतून काढा.

विजेवर फार वेळ घालवायची गरज नाही. बाकी मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा वीज देतात, मुलुंडला मात्र महावितरणच आहे, त्यामुळे मुलुंड, ठाणे आणि डोंबिवलीच्या बिलात या कारणाने फरक पडत नाही. यादीत कळवा-मुंब्रा असेल तर तिथे २०२०पासून टोरंटकडे वितरण आहे. शेजाऱ्याचं बिल बघा आणि पुढे जा.

## ५. पाऊस, वास आणि शेजार

मुसळधार पावसाच्या दिवशी जाऊन बघणं हा एकच खात्रीचा मार्ग. ठाण्यात वंदना सिनेमाचा परिसर दरवर्षी तुंबतो हे जुन्या ठाणेकराला सांगावं लागत नाही, पण बाहेरून आलेल्या खरेदीदाराला कुणी सांगत नाही. मुलुंडला लालबहादूर शास्त्री मार्गाचे सखल भाग, डोंबिवलीत नांदिवलीकडचा भाग बघा. पाऊस संपला असेल तर तळमजल्याच्या दुकानांच्या भिंती आणि शटरचा खालचा भाग बघा. पाण्याची रेघ राहते. दुकानदाराने माल किती उंचावर मांडला आहे, तेही बरंच सांगून जातं.

वासाची फेरी संध्याकाळी आणि पहाटे करा, दुपारी नको. मुलुंडच्या क्षेपणभूमीत नवा कचरा टाकणं २०१८मध्ये थांबलं, पण साठलेल्या कचऱ्याची विल्हेवाट हे लांबचं काम आहे. कांजूरची क्षेपणभूमी चालू आहे आणि वारा तिकडून असला की मुलुंड पूर्वेच्या काही भागांत तक्रारी येतात.

डोंबिवलीत एमआयडीसीजवळ घर घेत असाल तर थांबून विचार करा. रासायनिक कारखान्यांत मे २०१६ आणि मे २०२४मध्ये मोठे स्फोट झाले, माणसं दगावली, आणि काही अंतरावरच्या घरांच्या काचा फुटल्या. स्वस्त मिळतं म्हणून कारखान्याच्या भिंतीला लागून घर घेऊ नये, हे मी कुणालाही सांगेन, किमतीत कितीही फरक असला तरी.

मुलुंड पश्चिम आणि येऊरच्या पायथ्याला राष्ट्रीय उद्यान लागून आहे. हिरवळ खरी आहे, बिबट्याही खरा आहे. लहान मुलं असतील तर संकुलाला भिंत, दिवे आणि कचऱ्याची नीट व्यवस्था हवी. उघड्या कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

तपासा: इथपर्यंत चारपैकी दोन तुकडे गळाले असतील. एकही गळाला नसेल तर तपासणी ढिली झाली आहे. तिसरा आणि चौथा टप्पा पुन्हा करा.

आता फ्लॅट बघायला लागा.

## ६. संपूर्ण खर्च, फक्त भाव नाही

समजा सौदा १ कोटी २० लाखांचा आहे. मुलुंडला मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ६ टक्के, म्हणजे ७ लाख २० हजार. ठाण्यात स्थानिक संस्थेचा आणखी १ टक्का लागून ७ टक्के, म्हणजे ८ लाख ४० हजार. नाका ओलांडला की १ लाख २० हजारांचा फरक. नोंदणी फी दोन्हीकडे कमाल ३० हजार. शुल्क करारातल्या किमतीवर किंवा रेडी रेकनरच्या (सरकारी दरपत्रकाच्या) मूल्यावर, यातलं जे जास्त त्यावर लागतं. महिलेच्या नावे घर घेतल्यास १ टक्का सवलत आहे, पण सगळे खरेदीदार महिला असतील तरच. पती-पत्नीच्या संयुक्त नावावर ती मिळत नाही, आणि हे नोंदणीच्या दिवशी कळलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के, परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत बसत असेल तर १ टक्का. भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, म्हणजे इमारत राहण्याजोगी असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालेल्या घरावर काही नाही. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या नावाचा आयकर) तुम्ही कापून भरायचा असतो. हे पैसे वेगळे द्यायचे नसतात, विकणाऱ्याच्या रकमेतूनच जातात.

मालमत्ता करात मोठा फरक आहे. मुंबईत १ जानेवारी २०२२पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या सदनिकांना तो माफ आहे. म्हणून ४९० चौरस फुटांचं मुलुंडचं घर आणि ५२० फुटांचं घर यांची तुलना करताना तीस फुटांपलीकडेही बघा. मात्र क्षेत्रफळ एजंटच्या तोंडचं नाही, महापालिकेच्या नोंदीतलं हवं. ठाणे आणि डोंबिवलीत विकणाऱ्याकडून चालू वर्षाचं बिलच घ्या.

सगळ्यात दुर्लक्षित आकडा मेंटेनन्सचा. मोठ्या संकुलात क्लबहाऊस, तरणतलाव, चार लिफ्ट असतात, आणि तिथे महिना ९ हजार निघतात. स्टेशनजवळच्या जुन्या तीनमजली इमारतीत ३ हजार. फरक ६ हजारांचा. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलेल्या साधारण ७ लाखांच्या कर्जाचा हप्ता एवढाच येतो. म्हणजे "ठाण्यातलं घर पाच लाखांनी स्वस्त आहे" असं जे वाटतं, ते कधी कधी महाग असतं. शिवाय हप्ता वीस वर्षांनी संपतो, मेंटेनन्स संपत नाही.

क्षेत्रफळ सगळीकडे कार्पेटमध्येच, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेतच आणा. जुन्या इमारतींत बिल्ट-अप सांगतात, काही जण अजून सुपर बिल्ट-अप सांगतात. मूळ करारनाम्यातला आकडा बघा, शक्य असेल तर फूटपट्टी लावून मोजा आणि मग प्रति चौरस फूट दर काढा. दोन परिसरांच्या दरांची तुलना याआधी केली असेल तर ती खोडा.

## ७. खरा भाव इंडेक्स टूवर बघा

संकेतस्थळांवरच्या जाहिरातीत दिसतो तो मागितलेला भाव. झालेला भाव नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मिळतो. विनामूल्य शोधात जिल्हा, गाव आणि सिटी सर्व्हे किंवा सर्व्हे क्रमांक टाकला की त्या जमिनीवर नोंदलेले दस्त निघतात. इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सारांशात, मोबदला, क्षेत्रफळ आणि तारीख असते.

त्याच इमारतीतले किंवा शेजारच्या दोन इमारतींतले गेल्या वर्षभरातले पाच-सहा व्यवहार वहीत उतरवा. नातेवाइकांतले व्यवहार आणि बक्षीसपत्रं वगळा. मग बोलणी करायला बसा. एजंट रागावेल, पण आकडा तुमच्या हातात असेल.

## ८. कागद: प्रत्येक हद्दीचं दुखणं वेगळं

वकील स्वतःचा लावा. बँकेचा वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का एवढंच बघतो. तीस वर्षांचा शोध अहवाल, करारांची सलग साखळी, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), सोसायटीचं ना हरकत पत्र हे तर सगळीकडे लागतंच. त्याखेरीज या पट्ट्यात काही खास गोष्टी आहेत.

मुलुंड पश्चिमेत डोंगराकडच्या जमिनींवर "खाजगी वन" अशी नोंद होती. जानेवारी २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तिथल्या रहिवाशांना दिलासा मिळाला. तरी सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर ती नोंद अजून शिल्लक आहे का, हे वकिलाकडून लेखी घ्या.

ठाण्यात नौपाड्यासारख्या जुन्या भागात पुनर्विकासाच्या आशेवर घर घेत असाल तर आधी रस्त्याची रुंदी मोजा. मुंबईबाहेर डिसेंबर २०२०ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे आणि तिच्यात ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या इमारतीला वाढीव चटईक्षेत्र आणि टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) सहसा वापरता येत नाही. मुंबईची नियमावली वेगळी आहे. म्हणून "मुलुंडच्या मावशीच्या इमारतीला एवढी जागा मिळाली" हे उदाहरण नौपाड्याला लावू नका. मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरने करून दिलं नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालं आहे का, तेही बघा. जमीन सोसायटीच्या नावावर नसेल तर पुनर्विकास कागदावरच राहतो. जमीन भोगवटादार वर्ग २ची (सरकारने अटींवर दिलेली) असेल तर हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि त्याचा खर्च कोण करणार हे आधीच ठरवा.

डोंबिवलीत सगळ्यात जपून. बनावट परवानग्या दाखवून उभ्या केलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये दिला. या इमारतींना महारेराची नोंदणीही मिळालेली होती. त्यातल्या लोकांनी बँकेचं कर्ज घेऊन, मुद्रांक भरून घरं घेतली होती. महारेराचा क्रमांक असला की काम झालं, असं म्हणून थांबू नका, एवढं यातून घ्या. बांधकाम परवानगीचा क्रमांक आणि तारीख घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जा आणि ती परवानगी खरोखर दिली होती का, ते माहितीच्या अधिकारात लेखी मागा. महिना लागेल. त्या महिन्यात विकणारा "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे" म्हणाला, तर त्याला खुशाल विकू द्या.

सावधान: भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत "सगळे राहतायत की" हे उत्तर चालत नाही. ते नसल्याने पाण्याचा दर, कर्ज आणि पुढची विक्री, तिन्ही अडतात.

## ९. टोकन देण्याच्या आधीचा आठवडा

शेवटच्या दोन घरांपैकी एक निवडायचं असेल तर त्या तुकड्यात दोन रात्री राहून बघा. नातेवाईक असतील तर उत्तमच, नसतील तर एखादी खोली भाड्याने घ्या. पहाटेचा भोंगा, रात्रीचे ट्रक, वरच्या मजल्यावरची पाण्याची मोटर, लग्नाच्या हॉलचा डीजे हे सगळं दोन रात्रींत कळतं. भाड्याने सहा महिने राहणं परवडत असेल तर ते सगळ्यात चांगलं. कुटुंबातल्या म्हाताऱ्या माणसांना नवा परिसर मानवतो का, हे त्याशिवाय कळत नाही.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. जुन्या घराचं टोकन मात्र तुमच्या बोलण्यावर अवलंबून असतं. ते लहान ठेवा, चेकने किंवा खात्यातून द्या, आणि पावतीवर तीन ओळी लिहून घ्या: मालकी हक्कात दोष निघाला किंवा त्यामुळे कर्ज नाकारलं गेलं तर पूर्ण रक्कम परत, सोसायटीची, कराची आणि विजेची थकबाकी विकणाऱ्याची, आणि पार्किंग नेमकं कोणतं व कोणत्या ठरावाने दिलेलं. रोख रकमेचा भाग मागितला तर उठून या.

सोसायटीकडून हस्तांतरण शुल्क किती, हे सेक्रेटरीला लेखी विचारा. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे. त्यावर "देणगी" मागितली जात असेल तर ती कोण देणार, हे टोकनच्या आधीच विकणाऱ्याशी बोलून घ्या, नंतर नाही.

करार नोंदला की त्याच आठवड्यात इंडेक्स टूची प्रत काढा, त्यातलं तुमचं नाव, क्षेत्रफळ आणि सिटी सर्व्हे क्रमांक अक्षरन् अक्षर ताडून बघा, आणि ताबा घेताना वीज मीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवा.